विरुद्ध पक्ष गैरहजर

मनुष्याने आजवर राजाकडे अर्ज केले, देवाकडे केले, सरकारकडे केले, आणि घरमालकाकडे तर किती केले याची गणतीच नाही. परंतु जो अद्याप जन्मालाच आलेला नाही अशाकडे रीतसर अर्ज करून त्याची शिक्क्यानिशी पोच घेण्याचा मान ज्या एका सद्गृहस्थांना लाभला, त्यांची ही हकीकत आहे.

या सद्गृहस्थांना सर्वजण अर्जमास्तर म्हणत. ते कोणत्याही शाळेत मास्तर नव्हते. किंबहुना शाळेशी असलेला त्यांचा संबंध सातव्या इयत्तेतच दोन्ही बाजूंच्या संमतीने संपुष्टात आला होता. तक्रार निवारण कार्यालयाच्या व्हरांड्यात एक टेबल, दोन खुर्च्या व एक टाइपरायटर मांडून ते एकतीस वर्षे लोकांचे अर्ज लिहून देत होते. नळाला पाणी नाही, दाखल्यात आडनाव चुकले, शेजाऱ्याने कुंपण वीतभर पुढे सरकवले, अशी नाना प्रकारची मानवी दुःखे त्या टेबलावरून गेली होती. अर्जमास्तरांचे तत्त्व एकच होते, ते म्हणजे रकाना रिकामा सोडायचा नाही. लागू नसेल तर ‘लागू नाही’ लिहावे, ठाऊक नसेल तर ‘माहिती घेत आहे’ लिहावे; पण रिकामा रकाना हे उघडे दार आहे, आणि त्या दारातून कारकून आत आला की अर्ज बाहेर जातो, असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला गंभीरपणे समजावीत. पुढील साऱ्या प्रकाराचे मूळ या तत्त्वात आहे, म्हणून ते येथे नमूद केले.

अलीकडे मात्र समोरची खुर्ची दिवसचे दिवस मोकळी राहू लागली होती. लोक फोनला सांगत आणि फोन अर्ज लिहून देई. तेवढ्याने भागते तर अर्जमास्तरांनी ते शांतपणे सोसले असते. परंतु ज्या कंपनीत मनुष्याहून शहाणे यंत्र घडवण्याचा उद्योग चालला होता, नेमकी तेथेच त्यांची एकुलती एक कन्या नोकरीला होती. पाच महिन्यांपूर्वी रविवारच्या जेवणाला चार पाहुणे बसलेले असताना कोणीतरी तिच्या कामाचे कौतुक केले, आणि अर्जमास्तर बोलून गेले की, ज्या हाताला मी अक्षर गिरवायला शिकवले, त्याच हाताने माझ्या पोटावर पाय दिला. हाताने पाय कसा देतात, असे त्यांच्या पत्नीने तेथल्या तेथे विचारले. पाहुणे हसले. कन्या हसली नाही. ती हात धुऊन गेली, आणि तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. कंपनीजवळ घेतलेल्या खोलीतून ती आईला फोन करी, ‘बाबा बरे आहेत ना’ एवढे विचारी आणि ठेवून देई.

अर्जमास्तरांनी दुसऱ्यांसाठी माफीची पत्रे शेकड्यांनी लिहिली होती. त्यांच्या एका पत्राने दोन भावांचा बारा वर्षांचा अबोला सुटला होता. स्वतःसाठी मात्र कागद चढवला की ‘विषय’ या शब्दापुढे टाइपरायटर अडे. मुलीने रविवारी जेवायला यावे, याखेरीज त्या घरात कोणालाच काही नको होते. आणि तेवढी एक गोष्ट सोडून बाकी सर्व गोष्टी त्या घरात बोलल्या जात.

अशा मनःस्थितीत एके दिवशी ते इस्त्रीवाल्याच्या दुकानी सदरा आणावयास गेले असता तेथे जागतिक काकांचे व्याख्यान चालले होते. जागतिक काका हे शेजारच्याच घरात राहणारे निवृत्त वीजमीटर वाचक. सेवेत असताना ते केवळ आपल्या पेठेपुरता विचार करीत. निवृत्तीनंतर मात्र जगाहून लहान कोणताही विषय त्यांना पुरत नसे. त्यांनी सांगितले की, जगातल्या सर्व माणसांची अक्कल एकत्र केली तरी कमी पडेल असे यंत्र येऊ घातले आहे. कोणी म्हणतो पाच वर्षांत, कोणी म्हणतो पन्नास. कोणी म्हणतो ते सर्व रोग बरे करील, कोणी म्हणतो ते आपल्याला मुंग्यांसारखे वागवील. आणि हे दोन्ही म्हणणारे एकाच कंपनीत शेजारी शेजारी बसून तेच यंत्र बनवीत आहेत. वरच्या मजल्यावरच्या वहिनी साडी घ्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या की मुंग्यांना त्या स्वतः कसे वागवतात हे आठवले की पुढचे ऐकवत नाही. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली.

मग काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हे यंत्र आजवर लिहिला गेलेला प्रत्येक कागद वाचणार आहे.

“म्हणजे आधीच त्याला चार शब्द नीट लिहून ठेवायला हवेत कुणीतरी,” इस्त्रीवाला म्हणाला, आणि तिघांचीही नजर अर्जमास्तरांकडे वळली.

कित्येक महिन्यांत त्यांच्याकडे अशा नजरेने कोणी पाहिले नव्हते. त्यांनी सदऱ्याची घडी काखेत धरली, घसा साफ केला आणि विचारले, “मुद्दे काय काय घ्यायचेत?”

येथून त्या छोट्याशा कार्याला पाय फुटले. पहिला मुद्दा अर्जमास्तरांनी स्वतः बांधला: सदर यंत्राने मनुष्यजातीस, तिचे वय व आजवरची एकूण अडचण लक्षात घेऊन, सांभाळून घ्यावे. दुसरा जागतिक काकांचा. यंत्र बंद करण्याचे बटण एखाद्या जबाबदार, निर्व्यसनी व विजेच्या कामाचा अनुभव असलेल्या नागरिकाच्या ताब्यात असावे. असा नागरिक सुचवण्याची त्यांना विनंती केली असता त्यांनी विनयाने खाली पाहिले. वहिनींचा मुद्दा असा की, चंद्र-मंगळाची कामे हाती घेण्यापूर्वी गुडघ्यांकडे पाहावे. इस्त्रीवाला दोन दिवस विचार करीत होता. शेवटी तो म्हणाला की यंत्राने इस्त्री केली तरी हरकत नाही, पण दुकानात उभे राहून गिऱ्हाइकांशी बोलण्याचे काम त्याच्याकडेच ठेवावे. पत्नीला या उद्योगात रस नव्हता. इतके शहाणे यंत्र आपल्या घरात कशाला डोकावेल, असे तिचे मत होते. तरीही पाचवा मुद्दा तिचाच पडला, आणि तो सर्वांत आखूड होता: विचारल्याखेरीज सल्ला देऊ नये. हे वाचून काका आणि अर्जमास्तर या दोघांनाही तो दुसऱ्याला उद्देशून आहे असे वाटले.

सर्वजण गेल्यावर अर्जमास्तर कागदाकडे बराच वेळ पाहत बसले. खाली चार बोटे जागा उरली होती. त्यांनी दार लोटले आणि सहावा मुद्दा टंकित केला. तो त्यांनी कोणाला दाखवला नाही. यंत्र वाचील तेव्हा वाचील, असा त्यांचा हिशेब होता.

आता अर्ज म्हटला की आवक क्रमांक हवा. आवक क्रमांक नसलेला कागद हा अर्जमास्तरांच्या लेखी केवळ मनोगत होय. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपले टेबल सोडून आतल्या खिडकीशी गेले. तेथील आवक विभागाच्या बाई त्यांना वीस वर्षे ओळखत होत्या आणि तितकीच वर्षे न ओळखल्यासारखे करीत होत्या. बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि सांगितले की साधी विनंती स्वीकारण्याचा छापील नमुना या कार्यालयात नाही. नमुना एकच, तक्रारीचा. तेव्हा विनंती तक्रारीच्या नमुन्यात बसवावी लागली. ‘विरुद्ध पक्षाचे नाव’ या पुढे अर्जमास्तरांनी लिहिले: अतिबुद्धिमान यंत्र (आगामी). ‘वय’ या पुढे: उणे पाच ते उणे पन्नास, तज्ज्ञांत मतभेद. ‘वडिलांचे नाव’ या पुढे: दावेदार अनेक, माहिती घेत आहे. बाईंनी प्रत्येक रकान्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली, आणि पत्त्यापाशी पेन्सिल थांबली.

अर्जमास्तरांनी ‘सर्वत्र’ असे सुचवले. बाई म्हणाल्या की तो पत्ता देवाचा आहे, आणि ते प्रकरण आमच्या खात्याकडे येत नाही.

मागे रांगेत अकरा माणसे होती. एकजण खोकला. एकतीस वर्षांत ज्याने रकाना रिकामा सोडला नाही, त्या पुरुषाच्या कपाळावर घाम आला. आणि मग त्यांनी केवळ सवयीने, ज्याचा पत्ता नसतो त्याचा लिहितात तसा, ‘द्वारा’ असे लिहून पुढे आपल्या कन्येचे नाव व तिच्या कंपनीचा पत्ता घातला. त्यात त्यांना धोका वाटला नाही. या कार्यालयातून कोणताही कागद वर्षाच्या आत विरुद्ध पक्षाकडे पोहोचल्याचे उदाहरण त्यांच्या पाहण्यात नव्हते. शिक्का बसला. पोच घेऊन ते घरी आले तेव्हा इस्त्रीवाल्याने दुकानातून खाली उतरून त्यांच्याशी हस्तांदोलन केले, आणि काकांनी ती पोच आपल्या दिवाणखान्यातल्या बल्बाखाली धरून शिक्का खरा असल्याची खात्री केली.

दुर्दैवाने त्याच आठवड्यात कार्यालयाने जावक विभागात एक नवे यंत्र बसवले होते. ते अर्ज आपण होऊन वाची, पत्ता शोधी आणि नोटीस त्याच दिवशी रवाना करी. अर्जमास्तरांना याची कल्पना आली ती चौथ्या दिवशी, जेव्हा त्यांच्या घरी दोन कागद एकदम आले. पहिला सुनावणीचा: येत्या शनिवारी अकरा वाजता उभय पक्षांनी जातीने हजर राहावे. दुसरा, विरुद्ध पक्षाला नोटीस पोहोचल्याची पावती. तिच्यावर कन्येची सही होती. अक्षर वळणदार होते, आणि ते वळण त्यांनीच लावलेले होते.

पत्नीने दोन्ही कागद वाचले, घडी करून त्यांच्या हाती दिले आणि म्हणाली, “पाच महिने एक फोन करवला नाही, आणि आता पोरीवर थेट नोटीस.”

यानंतर शेजाऱ्यांच्या सल्ल्यांना जो ऊत आला त्याचे वर्णन करण्यास हा लेखक असमर्थ आहे. काकांचे म्हणणे, आजारी पडावे. वहिनींचे म्हणणे, खरोखरच आजारी पडावे, म्हणजे मुलगी आपोआप भेटायला येईल. त्यासाठी त्यांनी आपल्याकडची तीन औषधेही देऊ केली. इस्त्रीवाल्याने काहीच सल्ला दिला नाही. त्याने शनिवारसाठी सदरा फुकट कडक करून दिला, आणि अर्जमास्तरांना त्या आठवड्यात तेवढाच आधार वाटला.

शनिवारी सुनावणीच्या खोलीत एका बाजूच्या बाकावर अर्जमास्तर व दुसऱ्या बाजूच्या बाकावर त्यांची कन्या, अशी बैठक झाली. ज्या कार्यालयाच्या व्हरांड्यात त्यांनी हयात घालवली, त्याच्या आत स्वतः पक्षकार म्हणून बसण्याची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती. आणि आतला बाक बाहेरच्या खुर्चीहून किती कठीण असतो हे त्यांना तेव्हा कळले. सुनावणी घेणारे साहेब सर्दीने बेजार होते. त्यांनी विरुद्ध पक्षातर्फे कोण म्हणून विचारले. कन्या उभी राहिली आणि म्हणाली की यंत्र अजून तयार नाही, पण पत्ता तिचा दिला असल्याने ती आली आहे.

साहेबांनी अर्ज मोठ्याने वाचावयास घेतला. बटणाच्या मुद्द्याला त्यांनी मान डोलावली. गुडघ्यांच्या मुद्द्यापाशी ते थांबले आणि स्वतःचा गुडघा त्यांनी नकळत दाबला. पाचवा मुद्दा त्यांनी दोनदा वाचला. मग कागदाच्या तळाशी येऊन, आवाजात कसलाही फरक न करता, ते वाचू लागले:

“मुद्दा सहा. अर्जदाराची कन्या सदर यंत्राच्या कामावर असून, तिला रविवारी जेवणाच्या वेळेस घरी सोडण्यात यावे. अर्जदार तिच्याशी चुकीचे बोलला असून त्याबाबतचा कागद त्याला जमत नाही. यंत्र हुशार असल्याने त्याने समजून घ्यावे.”

खोलीतला पंखा फिरत होता. अर्जमास्तरांनी आपल्या चपलांकडे पाहिले. यंत्राने वाचावे म्हणून लिहिलेला मजकूर एका सर्दी झालेल्या माणसाने पोटच्या पोरीसमोर वाचावा, याहून मोठी नाचक्की त्यांना सुचत नव्हती.

“या मुद्द्यावर काय म्हणणं आहे?” साहेबांनी कन्येला विचारले.

तिने हातातल्या नोटिशीची घडी केली. मग म्हणाली, “मला मुदत हवी.”

साहेबांनी मुदत दिली. पुढील महिन्याचा पहिला शनिवार. कन्या वळून न पाहता निघून गेली. अर्जमास्तरांनी तिच्या जाण्याचा आवाज जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

तो महिना त्यांनी कसा काढला हे त्यांच्या टाइपरायटरलाच ठाऊक. ठरलेल्या शनिवारी ते दहा वाजताच जाऊन बसले. त्या दिवशी साहेबांची सर्दी उतरली होती म्हणे, परंतु साहेब स्वतः उगवले नव्हते. आणि खोली रंगवायला काढल्यामुळे बाहेर सर्व पक्षकारांसाठी मिळून एकच बाक ठेवला होता. कन्या आली, तिने इकडेतिकडे पाहिले, आणि दुसरी जागाच नसल्यामुळे ती वडिलांच्या शेजारी बसली. साहेब सव्वा वाजता आले. आयुष्यभर लोकांनी ज्या विलंबाला शिव्या दिल्या आणि ज्या विलंबाविरुद्ध अर्जमास्तरांनी स्वतः शेकडो अर्ज लिहिले, त्या सरकारी विलंबाचे उपकार त्या दिवशी त्यांच्यावर झाले. ते उपकार ते आजही मानतात.

पहिला पाऊण तास अर्जमास्तरांनी सुनावणीच्या कागदाची घडी घालण्यात आणि उलगडण्यात घालवला. मग त्यांनी समोरच्या ओल्या भिंतीकडे पाहत विचारले, “तिथे नक्की काय करतेस तू?”

“समोर दोन उत्तरं येतात. एकाच प्रश्नाची, यंत्रानं दिलेली. त्यातलं बरं कुठलं ते सांगायचं. दिवसभर हेच.”

“आणि ठरवतेस कसं?”

कन्येने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

“लहानपणी सगळ्या सुट्ट्या तुमच्या टेबलापाशी काढल्या मी. तुम्ही आधी माणसाला विचारायचात, तुला नक्की हवंय काय. मग त्यानं सांगितलेलं खोटं काढून टाकायचात. मग ज्या वाक्यानं त्याचीच मान खाली जाईल, तेही काढायचात, त्याला न सांगता. जे उत्तर तुम्ही तुमच्या हातून जाऊ दिलं असतं, त्याला मी बरं म्हणते.”

ज्या यंत्राने आपले टेबल रिकामे केले, त्याच्या पोटात कोठेतरी तेच टेबल मांडलेले आहे, ही गोष्ट अर्जमास्तरांना एकदम पेलली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि तो अधिकच धूसर झाला.

“ते नीट वागेल का गं, आलं की?”

“माहीत नाही, बाबा. तिथे कुणालाच नक्की माहीत नाही. कुणी सांगत असेल तर तो उगाच सांगतोय.” तिने पर्सचा बंद पुन्हा बोटाला गुंडाळला. “पण प्रयत्न करतोय आम्ही. माझ्या शेजारची मुलगी एका उत्तरापायी काल रडली.”

मग अर्जमास्तरांनी, एकतीस वर्षांच्या व्यवसायात प्रथमच, विषय न लिहिता मजकूर सुरू केला. ते म्हणाले, “ते पोटावर पाय म्हणालो ना मी. ते वाक्य खोडायचं होतं.”

“मग एवढे दिवस खोडलं का नाही?”

“चारचौघांत बोललो होतो. खोडायलाही चारचौघं लागतात, असं वाटत राहिलं.”

तेव्हा कन्या हसली. रांगेतल्या माणसांनी वळून पाहिले, कारण त्या कार्यालयात तो आवाज सहसा होत नसे.

सव्वा वाजता साहेबांनी सहावा मुद्दा पुकारला, आणि विरुद्ध पक्षातर्फे निवेदन करण्यात आले की या मुद्द्याला हरकत नाही. दुसऱ्याच दिवशी त्याची अंमलबजावणी झाली. वहिनी, काका आणि इस्त्रीवाला त्या जेवणाला अर्थातच आले. अर्जमास्तरांनी पहिला घास घेण्यापूर्वी उभे राहून, चारचौघांत, आपले जुने वाक्य मागे घेतले. पत्नीने त्यांना बसायला सांगितले, आणि भाजी वाढताना त्यांच्या ताटात नेहमीपेक्षा एक पळी जास्त पडली.

उरलेले पाच मुद्दे मात्र यंत्र जातीने हजर राहिल्याखेरीज निकाली निघणे शक्य नव्हते, आणि विरुद्ध पक्ष गैरहजर असेल तर पुढची तारीख द्यावी असा नियमच होता. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तारीख पडू लागली. रविवारी कन्या घरी येई तेव्हा ती आईची असे, वहिनींची असे, काकांच्या जागतिक प्रश्नांची असे. तारखेच्या दिवशी मात्र तीन-तीन तास ती एका बाकावर केवळ बापाची असे. ती कामातली अडलेली उत्तरे नावे गाळून सांगे. ते विचारात पडत, आणि कधी एखादे वाक्य काढून टाकायला सुचवीत. आवकबाईही कधी दोन मिनिटे येऊन टेकत. त्या पत्त्यापाशी अडल्या नसत्या तर ही सुनावणीच उभी राहिली नसती, हे अर्जमास्तर त्यांना दर वेळी सांगत, आणि दर वेळी बाई ते ऐकू न आल्यासारखे करीत. शहाण्या यंत्राने यावे की न यावे यावर जगात घनघोर वाद चालू असताना, त्याने सावकाश यावे, कसलीही घाई करू नये, अशी मनोमन इच्छा बाळगणारा बाप त्या बाकावर बसलेला असे.

सुनावणीच्या सहाव्या तारखेला नवे साहेब आले. ते तरुण होते, वेळेवर आले होते, आणि त्यांनी बाह्या सरसावल्या होत्या. त्यांनी फाइल चाळली आणि जाहीर केले की जो अस्तित्वातच नाही त्याच्याविरुद्धचे प्रकरण इतके महिने चालणे ही कार्यालयाची थट्टा आहे. दहा मिनिटांत ते हे निकाली काढतील. त्यांनी पेनाचे टोपण काढले.

अर्जमास्तर ताडकन उठले. त्याच क्षणी पलीकडून त्यांची कन्याही उठली. दोघांनी एकाच वेळी मुदत मागितली.

साहेबांचे पेन थांबले. अर्जदार मुदत मागतो हे त्यांनी पाहिले होते, विरुद्ध पक्ष मागतो हेही पाहिले होते. त्यांनी एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे, आणि दोघांचे नाक सारखेच आहे हे त्यांच्या ध्यानात आले असावे.

“कारण काय?” त्यांनी विचारले.

“तडजोडीची बोलणी चालू आहेत, साहेब,” अर्जमास्तर म्हणाले. “अजून बरीच वर्षं चालतील.”